फोनला सैतान म्हणून मुलांची सुटका होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलच्या नादी लागलेल्या मुलांवर हल्ली बरेच छापून येते. त्यात मुस्लिम घरांतल्या मुलामुलींचा विषय निघाला की सूर दोनच लागतात. एक म्हणतो, दीन (धर्म) नीट शिकवा, फोन आपोआप सुटेल. दुसरा म्हणतो, धर्म मध्ये आणू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. इस्लामी समुपदेशन म्हणून जाणकार माणसे जे काम करतात ते या दोन्हींत बसत नाही. त्याला स्वतःची रीत आहे, आणि ते फसते तेही ठरलेल्या जागीच फसते. त्या रीतीबद्दल आणि त्या जागांबद्दल थोडे तपशिलात लिहावे म्हणून हे पत्र.

आधी निदानाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगच्या विकाराला जागा मिळाली, ‘सोशल मीडियाचे व्यसन’ असा वेगळा आजार मात्र तिच्यात नाही. म्हणून पहिल्याच भेटीत मुलाच्या कपाळी ‘व्यसनी’ असा शिक्का मारू नये. बर्गन मापनपट्टी नावाची सहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे: सतत त्याचाच विचार येतो का, वेळ वाढत चालला आहे का, अडचणी विसरण्यासाठी वापर होतो का, कमी करायचे ठरवून जमले नाही असे झाले का, बंद केल्यावर चिडचिड होते का, अभ्यासावर परिणाम झाला का. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ६ ते ३०. एका आकड्यावर निवाडा करायचा नसतो. पण सहा प्रश्नांवर बोलता बोलता मूल मोकळे होते, आणि दीड-दोन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले की फरक दिसतो.

आता सर्वांत मोठी चूक. मुलगा रात्री दोनपर्यंत रील्स बघतो, त्याची फजर (पहाटेची नमाज) जाते. सकाळी घरात बोलणी बसतात. शुक्रवारी मशिदीतल्या बयानात (प्रवचनात) फोन म्हणजे सैतानाचे हत्यार असे कानावर पडते. त्याला स्वतःची शरम वाटते, ती शरम सहन होत नाही, आणि ती विसरायला हाताशी असलेली सर्वांत सोपी वस्तू म्हणजे फोनच. मग पुन्हा दोन वाजतात. चार-सहा आठवड्यांत हाच मुलगा ‘माझ्यासारख्याची नमाज कुठे कबूल होणार’ असे म्हणत मुसल्ल्यापासूनच (नमाजेच्या चटईपासूनच) लांब राहू लागतो. वडिलांना वाटते, फोनने मुलाचा दीन नेला. खरे तर त्यातला अर्धा वाटा घरातल्या आणि मिंबरवरच्या (मशिदीतल्या प्रवचनपीठावरच्या) भाषेचा असतो.

परंपरेत या भाषेला आधार आहे असेही नाही. दारू प्यायल्याबद्दल पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका माणसाला कुणी शाप दिला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला अडवले आणि हा माणूस अल्लाह व त्याच्या रसूलवर (प्रेषितावर) प्रेम करतो असे सांगितले, ही हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) बुखारी या हदीससंग्रहात आहे. मुस्नद अहमद या दुसऱ्या संग्रहात याहून नेमका दाखला सापडतो. एक तरुण उघडपणे व्यभिचाराची परवानगी मागायला येतो, लोक त्याच्यावर धावून जातात. पैगंबर (स.) त्याला जवळ बसवतात, तुझ्या आईसाठी, बहिणीसाठी हे तुला चालेल का, असे एकेक प्रश्न विचारतात, त्याच्यावर हात ठेवून दुआ (प्रार्थना) करतात. जवळ घेणे, प्रश्न विचारणे, उत्तर त्याच्याच तोंडून येऊ देणे. प्रेरक मुलाखत म्हणून आज समुपदेशकांना जे शिकवतात, त्याचा गाभाही हाच.

म्हणून पहिला प्रश्न ‘हे किती वाईट आहे, कळते का’ हा नसावा. ‘फोन तुला काय देतो’ हा असावा. उत्तरे साधी असतात: मैत्रिणी तिथेच आहेत, घरात भांडणे असतात, झोप येत नाही, एकटे वाटते. मग शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारावे, वापर कमी करायची इच्छा किती. मूल ‘चार’ म्हणाले तर ‘फक्त चारच का’ असे चुकूनही विचारू नये. ‘दोन का नाही, चार का’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नावर मूल स्वतःचा बचाव करते, दुसऱ्यावर बदलण्याची कारणे स्वतःच मोजून दाखवते.

पहिली भेट पाऊण तासाची पुरे. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे आई-वडिलांसह, उरलेला वेळ मुलाशी एकट्याने. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही हे दोघांसमोर सांगून टाकावे: जिवाला धोका, मारहाण, लैंगिक छळ किंवा ब्लॅकमेल असेल तर ते लपवले जाणार नाही, बाकी सगळे इथेच राहील. समुपदेशक आणि मूल यांच्यात खलवतचा (परक्या स्त्री-पुरुषाने एकांतात असण्याचा) प्रश्न येत असेल तर काचेचे दार असलेली खोली किंवा शेजारच्या खोलीत बसलेले पालक ही सोय आधीच करावी. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मुलाने काय काय पाहिले याची कबुली घेणे हे समुपदेशकाचे काम नाही. अल्लाहने झाकलेला गुनाह (पाप) स्वतःहून उघड करू नये, अशी हदीसमध्येच ताकीद आहे. किती वेळ, कधी, कोणत्या मनःस्थितीत, एवढे कळले तरी काम चालते. तपशील फक्त सुरक्षिततेपुरता विचारावा.

शपथेबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण धार्मिक मुलांच्या बाबतीत ही गाठ हटकून सापडते. उत्साहाच्या भरात मूल ‘अल्लाहची कसम, आता इन्स्टाग्राम उघडणार नाही’ म्हणते. तिसऱ्या दिवशी उघडते. आता नुसता वेळ वाया गेला एवढ्यावर हे थांबत नाही. कसम मोडली, आणि बालिग (वयात आलेल्या) मुलावर कफ्फारा (प्रायश्चित्त) आला: दहा गरजूंना जेवण किंवा कपडे, ते जमत नसेल तर तीन रोजे (कुराण ५:८९). मूल पुन्हा कसम घेते, पुन्हा मोडते, आणि मोडलेल्या कसमांचा ढीग डोक्यावर घेऊन फिरते. जुन्या कसमांचा प्रश्न एका जाणत्या आलिमाला (धर्मपंडिताला) एकदाच विचारून निकाली काढावा आणि पुढे कसम, नजर (नवस), ‘कायमचे सोडले’ अशी घोषणा, सगळे बंद. ‘या आठवड्यात इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर) फोन बाहेरच्या खोलीत’ एवढे ठरवायला कसम लागत नाही.

कुराणात दारूची मनाईसुद्धा एका दमात आली नाही. आधी तिच्यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा आहे असे सांगितले गेले (२:२१९), मग नशेत नमाजेजवळ येऊ नका (४:४३), आणि शेवटी पूर्ण मनाई (५:९०). टप्प्याटप्प्याने जाण्याला एवढा पक्का दाखला असताना मुलाकडून फोन एका रात्रीत हिसकावून घेण्याला ‘इस्लामी शिस्त’ का म्हणायचे, हे मला कळत नाही. शिवाय शाळेचा अभ्यास आणि मित्रमंडळ फोनवरच असल्याने पूर्ण बंदी फार टिकत नाही. मूल दुसऱ्याच्या फोनवर दुसरे खाते उघडते.

कामाची सुरुवात मोजणीने होते. मूल सांगते तो आकडा धरू नये. जाणूनबुजून खोटे बोलते असे नाही, त्याला खरोखर अंदाज नसतो. फोनच्या सेटिंगमध्ये सात दिवसांचा अहवाल असतो. त्यातल्या तीन गोष्टी वहीत उतरवाव्यात: रोजचा एकूण वेळ, फोन किती वेळा उचलला, आणि उचलल्यावर पहिले कोणते ॲप उघडले. मग कागदावर पाच नमाजांच्या वेळा आडव्या मांडून मधल्या खणांत वापर भरावा. बहुतेक वेळा तीन खण काळे होतात: इशानंतर झोपेपर्यंत, फजरनंतर अंथरुणात, आणि असर (दुपारनंतरची नमाज) ते मगरिब (सूर्यास्तानंतरची). दिवसाला आधीच पाच खुंट्या आहेत, ही या समुपदेशनाची मोठी सोय आहे. इतरांना असे वेळापत्रक नव्याने रचावे लागते.

तीनही खणांवर एकदम हल्ला करू नये. पहिले दोन आठवडे फक्त इशानंतरचा खण. पैगंबरांना (स.) इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे आवडत नसे, ही हदीस मुलांना ठाऊक असते, तिचा धाक न घालता आधार घ्यावा. इशानंतर अर्ध्या तासात फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. यात अडचण नेहमी एकच येते: फजरचा अलार्म फोनवर असतो. म्हणून साधे घड्याळ आधी आणावे, नियम नंतर लावावा. घड्याळ न आणता लावलेला नियम तीन रात्रींत मोडतो. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात इशालाच रात्रीचे अकरा वाजून जातात. तिथे हा नियम नमाजेशी न बांधता घड्याळाशी बांधावा. मुलींच्या मासिक पाळीत नमाज नसते आणि त्या दिवसांत सगळी घडी विस्कटते. त्याच पाच वेळांना पाच मिनिटे जिक्र (अल्लाहचे स्मरण) किंवा दुआ असे आधीच ठरवून ठेवले तर खुंट्या जागेवर राहतात. हे मुलीशी बोलायला स्त्री समुपदेशकच हवी.

झोपेचा हिशेबही मांडावा. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. फजर पहाटे पाचला असेल आणि मूल अकराला झोपत असेल तर सहाच तास होतात. फजरनंतर पुन्हा झोपायला हरकत नाही, दुपारचा वीस-तीस मिनिटांचा कैलूलाही (वामकुक्षी) आहे. पण फजरनंतर ‘दहाच मिनिटे’ म्हणून फोन हातात आला की ही दुसरी झोप जाते. म्हणून फोन सकाळच्या न्याहारीपर्यंत बाहेरच.

दुसऱ्या पंधरवड्यात फोनमधले बदल. सूचना बंद, फक्त माणसांचे थेट निरोप चालू. व्हिडिओ आपोआप पुढे सरकणे बंद करता येते तिथे बंद. ज्या ॲपवर सर्वाधिक वेळ जातो ते काढून तेच खाते ब्राउझरवर, दर वेळी पासवर्ड टाकून. खाते मिटवायला लावू नये. मित्र तुटतील या भीतीने मूल तिथेच अडून बसते. हे बदल कशासाठी हे त्याला समजावून सांगावे. पुढच्या सरकवण्यात काहीतरी भन्नाट निघेल की नाही हे आधी कळत नाही, आणि अशा बेभरवशाच्या बक्षिसामागे माणूस नेहमीच्या बक्षिसापेक्षा जास्त धावतो. न संपणारे पान मुद्दाम तसे घडवलेले आहे. इमान कमजोर आहे म्हणून आपण अडकलो, असे समजणाऱ्या मुलाला एवढे कळले तरी त्याच्या डोक्यावरचे ओझे हलके होते.

रोज रात्रीच्या मुहासब्याला (स्वतःचा हिशेब मांडायला) पाच मिनिटे, वही कागदाची. इस्लामी विचारवंत इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी नफ्सशी (स्वतःच्या मनाशी) व्यवहार करण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या: सकाळी अटी ठरवणे, दिवसभर लक्ष ठेवणे, रात्री हिशेब, चुकल्यास दंड, जास्तीची मेहनत, आणि स्वतःची कानउघाडणी. किशोरवयीन मुलांसाठी पहिल्या तीनच पायऱ्या घ्याव्यात असे माझे ठाम मत आहे. स्वतःला दोष देण्यात ही मुले आधीच तरबेज असतात. दंड आणि कानउघाडणी त्यांच्या हाती दिली तर काही जण स्वतःला इजा करण्यापर्यंत जातात. नफिल (ऐच्छिक) नमाजही दंड म्हणून देऊ नये, नमाज ही शिक्षा वाटू लागते. वहीत तीनच ओळी: कधी हात गेला, तेव्हा मनात काय होते, मग काय केले. गुनाहांची संख्या लिहायची नाही. दोन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की ‘आईशी वाद झाला की’, ‘गणिताचा गृहपाठ काढला की’ असे काहीतरी ठळक दिसते, आणि पुढची बोलणी त्यावर होतात.

ओढ आली की काय करायचे? ती चढते आणि काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा असतो. वजू (नमाजेआधी हात-पाय-तोंड धुणे) इथे उपयोगी पडतो, कारण जागेवरून उठावे लागते, फोन खाली ठेवावा लागतो आणि हात ओले होतात. पण ज्या मुलाला वजूत वस्वसा (पुन्हा पुन्हा शंका) होतो, जो तीन-तीनदा हात धुतो, नियत (संकल्प) पुन्हा पुन्हा बांधतो, त्याला हा उपाय चुकूनही सांगू नये. तो मंत्रचळाचा आजार वाढवेल. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू जैद अल-बल्खी सुचवतात की माणूस औषधे जशी आधीच घरात ठेवतो, तसे चांगले विचार मन शांत असतानाच साठवून ठेवावेत, म्हणजे उद्रेकाच्या वेळी हाताशी येतात. त्यानुसार मुलाने स्वतःच्या शब्दांत दोन-तीन वाक्ये आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवावीत. घसरल्यानंतरसाठीही एक चिठ्ठी हवी. तिच्यावर ‘अल्लाहच्या दयेपासून निराश होऊ नका’ (३९:५३) आणि खाली ‘उद्या इशाला पुन्हा’ एवढे पुरे.

हलाल रील्सचे काय, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. गाण्यांच्या जागी बयानांच्या क्लिपा आल्या की त्यांचे समाधान होते. पण बोट तेच, पान तेच, रात्रीचे दोनही तेच. वर पंथापंथांतली भांडणे आणि तीस सेकंदांचे फतवे पदरात पडतात ते वेगळेच. शिकायचेच असेल तर एक विषय, एक शिक्षक, ठरलेली वेळ. तिलावतीसाठी (कुराणपठणासाठी) छापील मुसहफ (कुराणाची प्रत) घ्यावा. कुराणचे ॲप उघडताना वरून एखादी सूचना सरकली की तिलावत तिथेच संपते. तस्बीहही (जपाची मोजणी) बोटांवर होते, तिला ॲप लागत नाही.

एक ओढ अशी आहे जिला मुले व्यसन मानतच नाहीत. जगात कुठे मुसलमानांवर युद्ध, हिंसा चालू असते, त्याची रक्तबंबाळ दृश्ये ती तासन्‌तास पाहतात. न पाहणे म्हणजे उम्मतशी (मुस्लिम समाजाशी) बेइमानी वाटते. त्याखालच्या द्वेषाच्या प्रतिक्रिया वाचून हात थरथरतात. ‘पाहू नकोस’ म्हणून हे सुटत नाही. दिवसातून एकदा, पंधरा मिनिटे, मजकूर वाचून बातमी समजून घ्यायची, व्हिडिओ नाही. त्यानंतर दुआ आणि ऐपतीप्रमाणे सदका (दान). भावनेला वाट मिळते आणि झोपही शाबूत राहते. प्रतिक्रियांत वाद घालणे पूर्ण बंद.

ब्लॅकमेलबद्दल मोजकेच. खासगी फोटोवरून कुणी धमकावत असेल तर गुनाहाची चर्चा त्या दिवशी नको. पैसे द्यायचे नाहीत, संभाषण पुसायचे नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक आणि तक्रार. अठराच्या आतल्या वयातल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो. असे मूल बदनामीच्या भीतीने जिवाचे बरेवाईट करू शकते, म्हणून त्या रात्री त्याला एकटे सोडू नये.

पालकांसाठी दोन गोष्टी. लपून पाळत ठेवणे कुराणातल्या सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत निषिद्ध आहे. लहान मुलाच्या फोनवर देखरेख करायचीच तर त्याला सांगून करा, मोठ्याशी करार करून. आणि रात्री चार्जिंगच्या जागी सगळ्यांचे फोन असावेत, वडिलांचाही. पहिले एक-दोन आठवडे मूल चिडेल, उदास दिसेल. ती नाफरमानी (आज्ञाभंग) नव्हे, सवय सुटण्याची लक्षणे आहेत.

काही खुणा दिसल्या तर इमामाने थांबून मुलाला डॉक्टरकडे पाठवलेच पाहिजे: मरणाचे बोलणे, अंगावर कापल्याच्या खुणा, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली उदासी, खाणे-झोप पार बिघडणे, लहानपणापासूनची चंचलता. रुकय्या (आजारासाठी कुराणपठण) करायची तर जरूर करा, उपचाराच्या जागी मात्र नको. अल्लाहने प्रत्येक आजाराला औषध ठेवले आहे, उपचार करा, ही हदीसच आहे. उलट बाजूनेही उणीव असते. कसम, कफ्फारा, पाळी, खलवत यांतले काहीच ठाऊक नसलेला मानसशास्त्रज्ञ मुलाची निम्मी अडचण ऐकूनही पकडू शकत नाही. दोघांनी एकमेकांचे फोन नंबर ठेवावेत, एवढी तरी सुरुवात व्हावी.

सहा ते आठ भेटींत काय साधावे? फोनचा वापर शून्यावर येत नाही, यायची गरजही नाही. झोप तासाभराने वाढली, फजर पूर्वीपेक्षा जास्त दिवस वेळेवर झाली, जेवताना मूल बोलू लागले, तर काम योग्य दिशेने चालले आहे. अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तोच जो थोडा असला तरी सातत्याने होतो, ही बुखारी-मुस्लिममधली हदीस इथे शब्दशः लागू पडते. रमजानने फसू नये. दिवसा रोजामुळे वापर घटतो, पण तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजेनंतर) सहरीपर्यंत (रोजाआधीच्या पहाटेच्या खाण्यापर्यंत) जागण्यात तो दुपटीने भरून निघतो, आणि ईदच्या दिवशी उरलासुरला बांध फुटतो. रमजानच्या रात्रींचे वेगळे वेळापत्रक लागते, आणि शव्वालचे (रमजाननंतरच्या महिन्याचे) सहा रोजे जमत असतील तर ते ईदनंतरच्या पंधरवड्यात टाकावेत.

मशिदींच्या विश्वस्तांना आपल्या पत्रामार्फत एवढीच विनंती: काचेच्या दाराची एक खोली, असर ते मगरिब आठवड्यातून दोन दिवस, एक पुरुष आणि एक स्त्री समुपदेशक, आणि भिंतीवर जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांची यादी. शाबान (रमजानच्या आधीचा महिना) लागण्याआधी हे उभे राहिले तर यंदाच्या रमजानचे वेळापत्रक मुलांना सोबत बसवून आखता येईल.

आपला,
किशोरवयीन मुलांसोबत काम करणारा एक समुपदेशक